उसनवारीच्या यादीतला चोर

१

"आत्या, आमच्या ऑफिसात चोर आहे," भाचेबुवा फोनवर म्हणाले तेव्हा मी कवळी शोधत होते, त्यामुळे माझं पहिलं उत्तर त्यांना कळलंच नाही. कवळी सापडल्यावर मी परत विचारलं, "काय गेलं?"

"गेलं काहीच नाही."

"मग चोर कसला? पाहुणा म्हण."

"थट्टा नको गं. आम्ही जे घ्यायला जातो ते आमच्या आधी पाच मिनिटं कुणीतरी उचलून नेतं. दोन महिने रोज हेच चाललंय. आमच्या खोलीतूनच बातमी बाहेर जातेय. आणि कोण देतंय तेही मला कळलंय."

"कळलंय तर मला कशाला बोलावतोस? टाळ्या वाजवायला?"

भाचेबुवा म्हणाले, "तू एकदा बघ ना. मग मला झोप लागेल."

आता असं म्हटल्यावर कोणती आत्या घरी बसेल? मी सार्वजनिक वाचनालयात चौतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीवर बसले. कोटात नकाशांचं पुस्तक लपवणारे पाहिले, कवितेचं एकच पान फाडून नेणारे प्राध्यापक पाहिले. निवृत्त झाल्यापासून नात्यात कुणाचं काहीही हरवलं की मला फोन येतो. चष्मे, किल्ल्या, एकदा तर अख्खा जावई. जावई गच्चीवर झोपला होता.

तर मी गेले. आठव्या मजल्यावरचं ऑफिस. चार टेबलं, भिंतभर पडदे, कोपऱ्यात घोंघावणारं यंत्रांचं कपाट आणि खिडकीत एक कुंडी, तिला शेवटचं पाणी कुणी कधी घातलं ते कुंडीलाच ठाऊक. चार टेबलांपैकी एक रिकामं होतं. खुर्ची नीट आत सरकवलेली, पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या.

"आधी तुझा धंदा काय ते सांग," मी म्हटलं. "दर वेळी सांगतोस आणि दर वेळी माझ्या डोक्यावरून जातं."

"आमचा प्रोग्रॅम शेअरचे सौदे करतो. माणूस हात लावत नाही. चांगल्या वाटतील त्या कंपन्यांचे शेअर तो विकत घेतो. ज्या पडतील असं वाटतं त्यांचे शेअर उसने आणतो आणि विकून टाकतो. भाव पडला की स्वस्तात घेऊन ज्याचे त्याला परत."

मी जरा विचार केला. "म्हणजे वाचनालयातून पुस्तक आणायचं, विकून टाकायचं आणि मुदतीच्या आत दुसरी प्रत स्वस्तात मिळवून परत करायचं?"

"असं म्हणू नकोस, आत्या."

"म्हणू नकोस म्हणजे बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," भाचेबुवा नाइलाजाने म्हणाले. "पण उसने मिळाल्याशिवाय विकता येत नाही. म्हणून रोज सकाळी देणाऱ्यांकडून यादी येते. कोणत्या कंपनीचे किती शेअर आज उसने मिळतील, काय दराने. कुणी उचलले की आकडे पडद्यावर दिवसभर बदलत राहतात. या यादीवर आमचं सगळं चालतं. आधी एकच देणारे होते. त्यांना आम्ही थोरले म्हणतो, मोठी पेढी. दोन महिन्यांपूर्वी धंदा वाढवायचा म्हणून दुसऱ्या पेढीची यादीही घेतली. ते धाकटे. आणि तेव्हापासून दृष्ट लागली."

"कशी?"

"गेल्या शुक्रवारचंच बघ. एका कंपनीचे थोरल्यांकडे पन्नास हजार, धाकट्यांकडे पंचेचाळीस हजार. आम्हाला हवेत सत्तर हजार. थोरल्यांकडून पन्नास उचलले. लगेच धाकट्यांकडे वीस मागितले तर उत्तर काय? शिल्लक नाही! पाच मिनिटांपूर्वी पंचेचाळीस हजार होते! तोवर प्रोग्रॅमने दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून सत्तर हजारांच्या हिशेबाने चांगल्या कंपन्यांची खरेदी केलेली. एक पारडं भरलेलं, एक अर्धं. फटका बसणारच."

"आणि हे कुणी केलं म्हणतोस?"

त्यांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "याद्या गोळा करणारी मुलगी. तिच्याशिवाय नऊच्या आधी यादी कुणी बघत नाही. तिचा भाऊ दोन महिन्यांपूर्वी समोरच्या इमारतीत लागला, आमच्याच धंद्यातल्या कंपनीत. दुपारी दोघं पायरीवर एकत्र जेवतात. मी खिडकीतून बघतो ना. सोमवारी तिला घरी पाठवलं."

"काय सांगून?"

"जे आहे तेच. सगळ्यांसमोर." त्यांनी खणातून एक पत्र काढलं. सगळ्या पेढ्यांना आणि धंद्यातल्या मंडळाला लिहिलेलं, मुलीचं पूर्ण नाव घालून. "उद्या शुक्रवारी चार वाजता हे जाणार. वकिलांनी तेवढीच मुदत दिलीय."

मी पत्र वाचलं. हे गेलं असतं तर त्या मुलीला या धंद्यात जन्मभर कुणी दारात उभं केलं नसतं. माझ्या हातात दीड दिवस होता.

२

सगळ्यात आधी डॉक्टर. हे औषधवाले नव्हेत, गणितातले. प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. पस्तिशीचे, उंच, सायकलवाल्यांच्या घट्ट विजारीत. माझ्याकडे न बघता पडद्याशी बोलत होते.

"प्रोग्रॅममध्ये चूक नाही," मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले.

"मी विचारलं नाही."

"सगळे तेच विचारतात."

"मी वेगळं विचारते. दोन याद्या येतात त्यांचं तुम्ही काय करता?"

त्यांनी प्रथमच मान वळवली. दोन अधिक दोन किती असं मी विचारल्यासारखा चेहरा. "बेरीज. दुसरं काय करणार?"

"दुसरं काय करणार," मीही म्हटलं. "आणि आधी कुणाकडून घेता?"

"थोरल्यांकडून. धाकट्यांचा दर नेहमी पाव टक्का चढा असतो."

"नेहमी?"

"नेहमी. सुंदर आहे ना? इतका स्थिर फरक मी कुठे पाहिला नाही." माणूस आकड्यांवर खूष होता. त्याला पैशाचं काही नव्हतं; त्याचं समीकरण दोन महिने नापास होत होतं हेच दुःख. असा माणूस बातम्या विकत नाही. विकायला आधी कुणाशी बोलावं लागतं.

"ती मुलगी कशी आहे?" मी जाता जाता विचारलं.

"तिच्या आकड्यात तीन वर्षांत एकही चूक नाही," डॉक्टर पडद्याला म्हणाले. मग हळूच, "सोमवारी मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं."

दुसरे गृहस्थ पन्नाशीचे. पेढ्यांना फोन करून उसनवारी पक्की करायचं काम त्यांचं. सगळे त्यांना 'हॅलो' म्हणत, कारण ते समोरासमोरसुद्धा हॅलो म्हणूनच सुरुवात करत.

"हॅलो, आत्याबाई! बसा. खरं सांगू? पोरगी गुणी आहे. पण भाऊ समोर! लोक बोलणारच."

"लोक म्हणजे कोण? या खोलीत तुम्ही तिघंच उरलात."

हॅलोंनी विषय बदलला. "चोर मात्र पक्का आहे हं. मागच्या महिन्यात ती तीन दिवस दाढ काढायला रजेवर होती. तिन्ही दिवस चोर वेळेवर हजर!"

"मग ती कशी चोर?"

"सर म्हणतात, घरून यादी बघत असेल."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. एकदा ठरवलं की रजासुद्धा पुरावा होते. मी चिडून आणखी काही विचारणार तोच हॅलोंचा स्वतःचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, चेहरा उतरला आणि "आलोच" म्हणत ते जिन्याकडे पळाले. लिफ्ट असताना जिन्याकडे!

मीही उठले. चपला हातात घेऊन दाराशी उभी राहिले. खालच्या वळणावर हॅलो भिंतीकडे तोंड करून कुजबुजत होते.

"आज एक्क्याऐंशी... हो, काल ब्याऐंशी होते... घसरतंय हळूहळू... नाही, ऑफिसात कुणाला पत्ता नाही. कुणाला कळता कामा नये!"

३

मी सरळ दोन पायऱ्या उतरले आणि म्हटलं, "काय घसरतंय?"

हॅलो इतके दचकले की फोन हातातून निसटला. त्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, पण सकाळी उपाशीपोटी केलंत ना? की नाश्ता करून?"

हॅलोंनी कपाळाला हात लावला. "वजन हो, आत्याबाई! बायकोशी पैज लागलीय. पंच्याहत्तरवर आलो नाही तर तिच्या भावाकडे आठ दिवस राहायला जायचं. म्हणून आठ मजले चढतो-उतरतो. सरांना सांगू नका, हसतील."

मी फोन उचलून दिला आणि बाईंना सांगितलं की ते प्रामाणिकपणे चढताहेत. एक संशयित कमी झाला. पैज मात्र ते हरणार होते, खिशात बिस्किटाचा पुडा होता.

राहिली मुलगी. पत्ता घेऊन दुपारी तिच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दारात चपला ओळीने लावलेल्या. ऑफिसातल्या पेन्सिली आठवल्या. दार तिनेच उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिने आत नजर टाकली आणि गॅलरीतच मला खुर्ची दिली.

"आईला सांगितलं नाहीये," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आठ दिवस रजा आहे म्हटलंय. हळू बोला."

सव्वीस-सत्तावीस वर्षांची. डोळे सुजलेले, पण केस चापूनचोपून.

"भावाला तू काय सांगतेस?" मी आडपडदा न ठेवता विचारलं.

"डब्यात भाजी कोणती आहे ते." आणि मग तिचा बांध फुटला. "आत्या, तो तिथे हिशेबात नाही की सौद्यात नाही. तो त्यांची यंत्रं थंड ठेवायचं बघतो! सरांनी एकदा विचारलं असतं तरी सांगितलं असतं. विचारलंच नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, पर्स ठेव, तपासायची आहे."

"पर्स तपासली?" मला ऐकूनच राग आला. हे भाचेबुवांनी मला सांगितलं नव्हतं.

"तपासली. रुमाल, किल्ली आणि दाढदुखीच्या गोळ्या निघाल्या."

मी तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "पण यादीत काहीतरी गडबड आहे हे खरंय. ती मला केव्हाच दिसली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना! यादीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. दुसरी यादी सुरू झाल्यापासून रोज लिहितेय, एक्केचाळीस दिवस. तुमच्या भाच्याला विचारा, त्याने एक तरी वाचला का!"

आतून आवाज आला, "कोण आलंय गं?" तशी ती पटकन उठली. "लायब्ररीतल्या बाई आहेत, आई. पुस्तक परत मागायला आल्यात."

४

ऑफिसात परत आले ती सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी.

"शेऱ्याचा रकाना दाखवा."

"तो प्रोग्रॅम वगळतो," डॉक्टर म्हणाले. "अक्षरांची बेरीज होत नाही."

"तुम्ही वाचता का?"

"प्रोग्रॅम वाचतो ना यादी. मग मी कशाला वाचू?"

भाचेबुवांकडे पाहिलं. त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. हॅलोंनी भाचेबुवांकडे. तिघांनी मिळून एका यंत्राला वाचायला बसवलं होतं, आणि यंत्राला वाचता येत होते फक्त आकडे! मी म्हटलं, "कागदावर छापून द्या. सगळे."

एक्केचाळीस पानं आली. मी चष्मा पुसला आणि कोपऱ्यात जाऊन बसले. पहिल्या दिवशी लिहिलं होतं: 'धाकट्यांचा प्रत्येक आकडा थोरल्यांच्या आकड्यापेक्षा बरोबर दहावा हिस्सा कमी. योगायोग?' दुसऱ्या दिवशी: 'आजही.' तिसऱ्या दिवशी: 'आजही. तपासावं.' मग एके दिवशी: 'थोरल्यांचं यंत्र बंद होतं, यादी अकराला आली. धाकट्यांची सव्वाअकराला. एरवीही धाकटे थोरल्यांच्या मागून पंधरा मिनिटांनीच येतात.' मग बरेच दिवस नुसतंच 'आजही'. तिसाव्या दिवशी: 'आजही. कुणी वाचतंय का?' एकतिसाव्या: 'नाही वाचत.' पस्तिसाव्या दिवशी: 'काल रात्री वाटलं, आपल्यालाच भास होतोय. आजही तेच. भास नाही.'

मी एकटीच मोठ्याने हसले. मग पर्स आठवली आणि हसू गेलं.

मी पानं पुन्हा चाळली. आकडा नेहमी दहाव्या हिश्शाने कमी. दर नेहमी पाव टक्क्याने जास्त. यादी नेहमी पंधरा मिनिटं उशिरा. आणि चोर आला कधी? भाऊ समोर लागला तेव्हा, हे भाचेबुवांचं म्हणणं. पण त्याच सुमाराला आणखीही एक जण या खोलीत आलं होतं, ते कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

तुम्ही कधी कापडाच्या दुकानात अमुक रंगाचा तागा मागितलाय? दुकानदार म्हणतो, "आहे, आहे, बसा ना." मग हळूच मागच्या दाराने माणूस पाठवून शेजारच्या दुकानातून मागवतो आणि चार पैसे चढवून तुमच्यापुढे टाकतो. त्यात फसवणूक नाही, तागा मिळतो. फक्त तुम्ही आधीच शेजारच्या दुकानातला तो तागा विकत घेऊन आला असाल तर?

आमच्या वाचनालयाची शाखा निघाली तेव्हा असंच झालं होतं. शाखेच्या यादीत आमचीच पुस्तकं, 'मागवून देऊ' म्हणून. नवे ग्रंथपाल दोन्ही याद्या जोडून म्हणाले, आपल्याकडे ऐंशी हजार पुस्तकं! होती चाळीसच. मला ते आठवलं आणि मी पानं गोळा करून उठले.

"भाचेबुवा," मी हाक मारली. "चोर सापडला. पण मी नुसतं सांगितलं तर तू ऐकणार नाहीस, तुझ्या आजोबांचा हट्ट आहे तुझ्यात. उद्या सकाळी दाखवते. मला एक कंपनी लागेल. अशी, की जिचा शेअर जगात कुणालाही नकोय."

५

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी दार आतून लावून घेतलं आणि सगळ्यांचे मोबाइल माझ्या पिशवीत टाकले. हॅलोंनी पिशवीकडे केविलवाणं पाहिलं. आज वजन सांगायचं राहणार होतं.

"मुलगी घरी आहे," मी म्हटलं. "तिला यातलं काही माहीत नाही. काल रात्री मलाही माहीत नव्हतं, कारण कंपनी मी आत्ता निवडणार आहे." डोळे मिटले आणि पडद्यावरच्या यादीवर बोट टेकवलं. छत्र्यांच्या मुठी बनवणारी एक कंपनी निघाली.

"हिचा शेअर गेल्या वर्षभरात कुणी उसना मागितला नसेल," डॉक्टर म्हणाले.

"छान. थोरल्यांकडे किती?"

"आठ हजार. धाकट्यांकडे सात हजार दोनशे."

"दहावा हिस्सा कमी," मी म्हटलं. "रोज तुम्ही आधी थोरल्यांकडे जाता. आज उलटं करायचं. हॅलो, धाकट्यांकडून सातशे तेरा शेअर घ्या."

"सातशे तेरा? असा आकडा कुणी मागत नाही हो!"

"म्हणूनच मागा."

हॅलोंनी ऑफिसच्या फोनवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून सातशे तेरा शेअर पक्के केले. "झालं," ते म्हणाले. "आता?"

"आता थोरल्यांची यादी बघत बसायचं."

भाचेबुवांनी घड्याळाकडे पाहिलं. "थोरल्यांचा काय संबंध? त्यांच्याकडून आपण काही घेतलंच नाही."

एक मिनिट गेलं. तीन गेली. माझंही अवसान आता उसनंच होतं. माझा तर्क चुकला असता तर चार वाजता ते पत्र जाणार होतं आणि वर म्हातारीचं हसं. पाचव्या मिनिटाला पडद्यावरचा थोरल्यांचा आकडा हलला. आठ हजारांचे सात हजार दोनशे सत्त्याऐंशी झाले.

डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. "बरोबर सातशे तेरा कमी."

"योगायोग असेल," भाचेबुवा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"हॅलो, आता एक शेअर मागा."

"एक? आत्याबाई, लाज वाटते हो!"

"मागा म्हणते ना!"

हॅलोंनी घसा खाकरून एक शेअर मागितला. पलीकडचा माणूस हसला ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. काही मिनिटांत आकडा झाला सात हजार दोनशे शहाऐंशी.

"धाकट्यांकडे स्वतःचं काही नाही," मी म्हटलं. "ते थोरल्यांच्याच मालाची यादी घेतात, दहावा हिस्सा हातचा राखतात आणि पाव टक्का चढवून पुढे देतात. त्यांच्या सगळ्या व्यापाला पंधरा मिनिटं लागतात. माल एकच, यादीत दोनदा. पन्नास आणि पंचेचाळीस मिळून पंच्याण्णव कधीच नव्हते, पन्नासच होते. तुम्ही थोरल्यांकडून पन्नास उचलता, मग धाकट्यांच्या दारात जाऊन विचारता, आमचे वीस कुठे गेले? अरे, ते तुमच्याच खिशात आहेत! तुमच्या आधी पाच मिनिटं येणारा चोर म्हणजे तुम्हीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

हॅलोंनी लगेच धाकट्यांना फोन लावला. माल कुठून आणता म्हणून विचारलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "थोरल्यांकडून. करारात बाराव्या पानावर लिहिलंय. आतापर्यंत कुणी विचारलं नाही."

डॉक्टर परत खाली बसले. "मी बेरीज केली," ते म्हणाले. "दोन महिने मी एकाच गोष्टीची बेरीज केली."

भाचेबुवा मात्र एकदम खुलले. "म्हणजे बातमी कुठे जातच नव्हती! चोर नाहीच! आत्या, तू म्हणजे... पण हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी एक्केचाळीस पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. पस्तिसाव्या पानापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. पावणेदहा वाजले होते.

"मी तिला फोन करतो," ते म्हणाले.

"फोन नाही," मी म्हटलं. "पर्स काय फोनवरून तपासली होतीस?"

६

पत्राचे तुकडे ऑफिसातच झाले. आम्ही चौघंही गेलो. डॉक्टर आणि हॅलोंना कुणी बोलावलं नव्हतं, तेही निघाले. तीन मजले चढताना हॅलो सगळ्यात पुढे होते.

दार मुलीने उघडलं. आम्हा सगळ्यांना बघून तिचा रंग उडाला. "सर, आई घरात आहे," ती कुजबुजली. "इथे नको. मी खाली येते."

भाचेबुवा दारातच उभे राहिले. रस्त्यात त्यांनी पाठ केलेलं सगळं विसरले असावेत, कारण ते नुसतंच म्हणाले, "तू लिहिलं होतंस. मी वाचलं नाही. माझं चुकलं. तू चोर नाहीस."

हलक्या आवाजात बोलणं आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही. आतून तिची आई हात पुसत बाहेर आली. बारीकशी बाई, कपाळावर चष्मा. मुलीने डोळे मिटून घेतले.

"सर म्हणजे तुम्हीच ना?" आईने विचारलं. "रजा आहे म्हणून चार दिवस घरात बसलेली मुलगी पहाटे उठून रडते, एवढं मला कळतं. हिच्या भावाने मंगळवारीच सांगितलं मला. ती सांगत नव्हती म्हणून मीही विचारलं नाही." मग मुलीकडे वळून, "आणि लायब्ररीची पुस्तकं तू कधीच उशिरा परत केली नाहीस. खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं."

मुलगी रडता रडता हसली. मी दुसरीकडे बघितलं, माझेही डोळे भरले होते.

"मी हेच सांगायला आलोय," भाचेबुवा म्हणाले. "तुमची मुलगी चोर नाही."

"ते मला ती जन्मली तेव्हापासून माहीत आहे," आई म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"आज. पावणेदहाला."

"आज," आई म्हणाली. "तीन वर्षं ती तुमच्यासमोर बसते."

भाचेबुवांनी मान खाली घातली. लहानपणी माझ्या घरातली काच फोडली होती तेव्हाही ते असेच उभे होते, पण तेव्हा मी त्यांना जवळ घेतलं होतं. आज हललेही नाही. डॉक्टर मध्येच म्हणाले, "मीही गप्प बसलो होतो, सोमवारी." हॅलो म्हणाले, "मीही." एवढंच बोलून दोघंही आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

आईने आम्हा चौघांकडे एकदा बघून घेतलं आणि दारातून बाजूला झाली. "आत या. बसा. चहा टाकते. उभ्या उभ्या मागितलेली माफी अर्धीच होते."

आम्ही आत गेलो. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून भाचेबुवा जमिनीवर बसले. कप हातात आल्यावर त्यांनी तो खाली ठेवला आणि सोमवारपासूनचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, पर्ससकट, आमच्या सगळ्यांसमोर. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता झालं, सर. चहा घ्या."